मासोळीच्या शेपटातली केबिन

मासोळी रुळांवर आली तेव्हा सगळ्या जगालाच गुळगुळीतपणाचा झटका आलेला होता. इस्त्री म्हणू नका, पंखा म्हणू नका, रेडिओ म्हणू नका, दिसेल त्या वस्तूचे कोपरे घासून तिला वाऱ्याशी झुंजायला सज्ज केलं जात होतं. पेन्सिलीला टोक करायचं यंत्रसुद्धा निमुळत्या नाकाचं निघालं. ते टेबलाला स्क्रूनं घट्ट बसवलेलं असे, तेव्हा ते वारा कापत जाणार होतं कुठे, हे विचारायची त्या काळी पद्धत नव्हती. अशा दिवसांत रेल्वेखात्यालाही आपल्या गाड्या चौकोनी असल्याची लाज वाटू लागली. खात्यानं एका नामवंत डिझायनरला बोलावलं आणि देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावणारी, वाटेत झोपायची, जेवायची आणि बाहेर बघत बसायची सोय असलेली एक चंदेरी गाडी तयार करून घेतली.

खात्यानं तिचं नाव ठेवलं 'रजतगती'. लोकांनी तिचं गोल नाक पाहिलं, अंगावरचा चकचकीत पत्रा पाहिला, मागं निमुळतं होत गेलेलं शेपूट पाहिलं आणि तिला मासोळी म्हणायला सुरुवात केली. असं म्हणू नये म्हणून खात्यानं एक परिपत्रक काढलं. त्यानंतर खात्यातले लोकही मासोळी म्हणू लागले.

डिझायनरचं म्हणणं असं, की वारा गाडीवरून इतका अलगद घसरला पाहिजे की आपल्याला वाटेत गाडी भेटली होती हे त्याला कळताही कामा नये. त्यामुळे वाऱ्याची जिथे जिथे अडचण होईल असं वाटलं तिथून माणसांची सोय काढून टाकण्यात आली. पायऱ्या आत गेल्या. दारांच्या मुठी इतक्या आत गेल्या की पहिल्या फेरीला काही प्रवासी दाराशी उभे राहून गाडीला बाहेरून चाचपत होते. चाकं पत्र्यांनी झाकली. ते पत्रे काढल्याशिवाय चाकांना तेल घालता येत नाही, हे कारखान्यातल्या फिटरांना कळलं, पण तोवर डिझायनर दुसऱ्या कुणाचे तरी पंखे घासायला निघून गेला होता. फिटर पत्रे काढत, तेल घालत, पत्रे लावत. मग पत्रे काढत, तेल घालत आणि 'राहू दे, उद्या लावू' म्हणत. काही वर्षांनी मासोळीची चाकं चारचौघींसारखी उघडी पडली आणि कारखान्याच्या सायकलस्टँडला मात्र वाऱ्याशी झुंजणारं चंदेरी छप्पर मिळालं.

शेवटच्या डब्यात, म्हणजे शेपटात, काचेचा मोठा दिवाणखाना होता. तिथे बसून प्रवाशांनी मागं पडत जाणारा देश बघायचा. आणि त्याच डब्याच्या बाकदार कोपऱ्यात निवेदिकेसाठी एक केबिन होती. बाहेर काय दिसतंय ते तिनं लाउडस्पीकरवरून सगळ्या गाडीला सांगायचं. नकाशावर या केबिनला खिडकी होती. पण तिच्यामुळे डब्याची वळणदार रेघ मोडत होती. डिझायनरनं डोळे बारीक करून बघितलं आणि खिडकी खोडली. केबिन राहिली.

त्या केबिनमध्ये बसून निवेदिकाबाईंनी आपली सगळी नोकरी केली. बाहेरचं दृश्य न बघता त्यांनी ते हजारो लोकांना दाखवलं.

आता, न बघता सांगायचं म्हणजे काहीतरी आधार हवा. तो होता घड्याळाचा. प्रसिद्धी विभागातल्या एका समितीनं निवेदनाचा मजकूर लिहून दिला होता आणि प्रत्येक परिच्छेदासमोर वेळ घातली होती. त्या ठोक्याला तो परिच्छेद वाचायचा. गाडी उशिरा असली तर काय करायचं, असं बाईंनी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. त्यावर त्यांना समजावण्यात आलं, की टेकड्या उशिरा आल्या असं खात्याच्याच माणसानं खात्याच्याच लाउडस्पीकरवरून सुचवणं बरं दिसत नाही. निवेदन वेळापत्रकाप्रमाणेच होईल. टेकड्यांचं टेकड्यांनी बघावं.

आणि उशीर तर मासोळीच्या पाचवीला पुजलेला. बाई गोड आवाजात म्हणत, "प्रवासीहो, आता डाव्या हाताला पुरातन किल्ल्याचे भव्य अवशेष," आणि प्रवासी डाव्या हाताला माना वळवून सिमेंटच्या गोदामाकडे आदरानं बघत. "किती वर्षं टिकलंय बघा," असं एकानं बायकोला सांगितलेलं बाईंनी दिवाणखान्यातून स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. कुणी कधी तक्रार केली नाही. छापील तिकीट काढून बसलेला माणूस आपल्या डोळ्यांपेक्षा लाउडस्पीकरवर जास्त विश्वास ठेवतो, हे बाईंना नोकरीनं शिकवलं.

पण पुलाची गोष्ट वेगळी. मोठ्या नदीवरचा तो लांबलचक पूल म्हणजे मासोळीच्या वाटेवरचा मानाचा तुरा. मजकुरातला तो परिच्छेदही सगळ्यांत लांब. 'नीलवर्ण जलराशीवरून कमानींची ही माला' असं काहीबाही त्यात होतं आणि ते म्हणताना बाईंच्या आवाजाला आपोआप एक लाडिक हेलकावा येई. गाडी वेळेवर असली तर पूल येई तेव्हा त्या केबिनमध्ये माइकसमोर असत. गाडी उशिरा असली तर पूल येई तेव्हा त्या चहाची, नाहीतर बोगद्याची, नाहीतर पुढच्या जंक्शनची सूचना देत असत, कारण त्या पट्ट्यात निवेदनं दाटीवाटीनं होती. नोकरांना मिळणारा फुकटचा पास मासोळीला चालत नसे. दुसऱ्या गाड्या जुन्या रुळांनी, नदीला लांबूनच नमस्कार करून जात. तात्पर्य, बाईंनी पूल कधी पाहिलाच नाही. ज्या पुलाचं त्यांच्याइतकं कौतुक जगात कुणी केलं नसेल, तो.

यात भर म्हणजे त्यांनी लग्नही मासोळीच्याच ड्रायव्हरशी केलं.

तेही पुलामुळेच झालं. एका फेरीत प्रवाशांनी पूल समजून एका गटाराला टाळ्या दिल्या तेव्हा बाईंचा संयम सुटला. शेवटचं स्टेशन आल्यावर त्या शेपटापासून नाकापर्यंत सगळा फलाट चालत गेल्या आणि इंजिनातून उतरणाऱ्या माणसाला म्हणाल्या, "तुम्ही मला रोज खोटं पाडता."

ड्रायव्हरनं हात पुसत शांतपणे सांगितलं, "तुम्ही मागं काय बोलता ते मला पुढे ऐकू येत नाही. इंजिनात लाउडस्पीकर नाही."

ज्या माणसाला आपलं बोलणं ऐकू येत नाही त्याच्याशी लग्न करू नये, हे बाईंना तेव्हा कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं. पुढं दोघांनी एकाच गाडीत संसार केला. एक नाकात, एक शेपटात, आणि मध्ये सगळी मासोळी. घरी आल्यावर बाई विचारत, "आज पूल कसा होता?"

"पूल म्हणजे पूल," ड्रायव्हरसाहेब म्हणत.

"अहो, पण दिसतो कसा?"

"खाली खांब असतात. वर रूळ असतात."

एवढं बोलून ते जेवायला लागत. समितीनं दोन पानं लिहिली होती तिथे नवऱ्यानं दोन वाक्यांत काम उरकलं होतं, आणि दोन्हींतून पूल काही दिसत नव्हता.

मग विमानं आली. डिझायनरनं वाऱ्याला इतकं सांभाळून घेतलं होतं, पण मासोळीचा घात शेवटी हवेतूनच झाला. घाईचे लोक उडून जाऊ लागले. ज्यांना घाई नव्हती ते मासोळीत राहिले, आणि त्यांना घाई नाही म्हटल्यावर मासोळीनंही घाई सोडली. ड्रायव्हरसाहेब निवृत्त झाले, पाठोपाठ बाईही. खात्यानं बाईंचा आवाज टेपवर भरून घेतला होता, तो घड्याळाप्रमाणे वाजत राहिला. खिडकी नसल्याबद्दल टेपची काही तक्रार नव्हती. आणि एके दिवशी जाहीर झालं, की मासोळी आता बंद होणार. इंजिन आणि शेवटचा डबा संग्रहालयात उभे राहतील, मधले डबे कुठे जातील त्याबद्दल खातं मौन पाळून होतं.

शेवटच्या फेरीचं आमंत्रण घेऊन जनसंपर्क अधिकारी घरी आला. तरुण होता, उत्साही होता, 'वारसा' हा शब्द वाक्यागणिक पेरत होता. ड्रायव्हरसाहेबांनी इंजिनात मानाचे पाहुणे म्हणून बसायचं, बाईंनी केबिनमधून पूर्वीसारखं निवेदन करायचं आणि पूल ओलांडला की भोजनडब्यात भाषणं. टेप त्या दिवशी बंद.

बाईंनी चहाचा कप त्याच्यासमोर ठेवला आणि हळूच विचारलं, "निवेदन मी दिवाणखान्यातून केलं तर? हल्ली बिनवायरचे माइक असतात म्हणे. काचेपाशी उभी राहीन."

"छे छे, बाई. लोकांना तुम्ही केबिनमध्येच हव्या आहात. फोटोग्राफर येणार आहे. तो वारसा आहे."

"वारसा मी, का केबिन?"

अधिकाऱ्यानं प्रामाणिकपणे विचार केला. "दोन्ही मिळून," तो म्हणाला.

"आणि चहा, बोगदा, जंक्शन?"

"ते सगळं काढलंय. पुलानंतर फक्त भाषणं. आणि बाई, गाडी वेळेवर असेल बरं का. स्वतः महाव्यवस्थापक आहेत गाडीत."

तो गेल्यावर सूनबाई म्हणाली, "आई, म्हणजे याही वेळी पूल राहिलाच की."

"राहिला तर राहिला," बाई कप उचलत म्हणाल्या. "निदान एकदा तरी मी बोलेन तेव्हा खाली पूल असेल. आयुष्यात एकदा खरं बोलायला मिळतंय, तेही थोडं नाही."

वर्तमानपत्राच्या मागून ड्रायव्हरसाहेब "हूं" म्हणाले. त्यांच्या 'हूं'चे बरेच प्रकार होते. हा कुठला, ते बाईंनी बघितलं नाही.

ठरल्याप्रमाणे खात्यानं सूनबाईसकट तिघांना दुसऱ्या टोकाला नेलं आणि तिथून मासोळीत बसवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता झाल्यावर साहेब इंजिनाकडे निघाले. जुना कोट, त्यावर खात्यानं लावलेलं कापडाचं फूल, आणि ते फूल कुणा दुसऱ्याचं असल्यासारखा चेहरा.

"अहो, आज तरी वेळेवर आणा," बाई म्हणाल्या.

"मी कुठे चालवतोय? मी पाहुणा आहे."

"चालवणारा तुमच्याच हाताखाली शिकलाय. सांगा त्याला."

"सांगतो," साहेब म्हणाले आणि गेले.

दुपार कलली तशी बाई केबिनमध्ये जाऊन बसल्या. तीच खुर्ची, तोच बाकदार पत्रा, डोकं टेकेल तिथे तोच जुना टेंगळाचा धोका. फोटोग्राफरनं त्यांना माइकसमोर हसायला लावलं, मग गंभीर व्हायला लावलं, मग 'काहीतरी आठवत असल्यासारखं' करायला लावलं. बाईंना काहीच आठवत नव्हतं. त्यांचं सगळं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं. गाडी खरोखरच वेळेवर धावत होती. दिवाणखान्यात बसलेली सूनबाई दार किलकिलं करून बातम्या देत होती.

"आई, मघाचा किल्ला किल्लाच होता."

"बघ."

"पण गोदामासारखा दिसतो हो."

पुलाला अगदी थोडा अवकाश उरला होता. बाईंनी चष्मा पुसला, घसा साफ केला. आणि गाडीचा वेग कमी होऊ लागला. सगळं आयुष्य खिडकीविना काढलेल्या माणसाला वेग पाठीतून कळतो. आधी खुर्ची सैल पडल्यासारखी झाली, मग चाकांचा ठेका लांबत गेला, आणि मासोळी थांबली.

"काय झालं ग?"

"काही नाही, आई. स्टेशन आहे एक. एवढंसं. पाण्याची टाकी, एक बाक, झालं."

"इथे मासोळी थांबत नाही. कधीच थांबलेली नाही."

"लोक हार घेऊन उभे आहेत निरोपाला." सूनबाई काचेपाशी गेली, परत आली. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "आई, बाबा खाली उतरलेत."

"आजारी पडले का काय?"

"छे. स्टेशनमास्तरांबरोबर फोटो काढून घेतायत."

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "कोण? तुझे सासरे?"

हा प्रश्न रास्त होता. ज्या माणसानं स्वतःच्या लग्नाच्या फोटोत फोटोग्राफरकडे चौकशी चालू असल्यासारखं बघितलं होतं, त्याच्याबद्दल ही बातमी होती.

"एक झाला, आता दुसरा," सूनबाई म्हणाली. "मास्तरांच्या सगळ्या स्टाफला बोलावलंय. आता टाकीसमोर उभं राहायचं म्हणतायत. महाव्यवस्थापक घड्याळ बघतायत, पण त्यांनाच बाबांनी मध्ये उभं केलंय, त्यामुळे त्यांना बोलता येईना."

"अगं, त्यांना सांग जाऊन..."

पण काटा ठोक्यावर आला. बाईंच्या बोटानं सवयीनं बटण दाबलं, लाल दिवा लागला, आणि आवाज आपसूक निघाला. "प्रवासीहो, आपली गाडी आता मोठ्या नदीवरील भव्य पुलावरून जात आहे." खालची जमीन हलत नव्हती. बाईंनी नीलवर्ण जलराशी सांगितली, कमानींची माला सांगितली, हेलकावा जिथे द्यायचा तिथे दिला. आत मात्र राग नुसता धुमसत होता. आयुष्यात एकदा मागितलं होतं. एकदा. गाडीभर प्रवासी पाण्याच्या टाकीकडे बघत राहिले आणि निवेदन संपल्यावर, जुन्या दिवसांप्रमाणेच, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

दिवा विझला. बाहेर शिट्टी झाली, गाडीला हिसका बसला आणि ती हलली. बाई माइककडे बघत बसून राहिल्या. पुढं वाचायला काही नव्हतं. चहा नव्हता, बोगदा नव्हता, जंक्शन नव्हतं. असं रिकामं होऊन त्या या खुर्चीत कधी बसल्या नव्हत्या.

दार उघडून सूनबाई म्हणाली, "आई, इथे काय करताय? बोलून झालं ना तुमचं? पूल यायचाय अजून."

बाई इतक्या घाईनं उठल्या की डोकं बाकदार पत्र्यावर आपटलं.

दिवाणखान्यात काचेपाशी लोकांनी त्यांना जागा करून दिली. झाडं मागं पडली, जमीन एकदम खाली गेली, चाकांचा आवाज पोकळ झाला. पाणी निळं नव्हतं, चहाच्या किटलीत उरलेल्या चहासारखं होतं. कमानी दिसत नव्हत्या, कारण गाडी कमानींच्याच वर होती. ही साधी गोष्ट समितीतल्या एकाच्याही डोक्यात आली नव्हती. मधल्या वाळूच्या बेटावर एक माणूस सायकल धूत होता. त्यानं वर बघितलं नाही. आणि पाण्यावर मासोळीची सावली पोहत होती, लांबच लांब, नाक, पोट, शेपूट सगळी. बाईंनी धावणारी मासोळी बाहेरून कधी बघितली नव्हती. बघणार तरी कशा, त्या तिच्या पोटात.

आणि पूल वाकडा होता. हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. नदीवर तो मोठं वळण घेत होता, इतकं की शेपटातून नाक दिसावं. तिथे, इंजिनाच्या खिडकीतून, एक माणूस मान बाहेर काढून मागं बघत होता. कोटावर फूल होतं. त्यानं हात वगैरे हलवला नाही. बाईंनीही नाही. पूल संपेपर्यंत दोघं नुसते बघत राहिले.

शेवटच्या स्टेशनावर हार, बँड आणि उरलेली भाषणं झाल्यावर ते फलाटावर भेटले. सूनबाई सामान मोजायच्या निमित्तानं जरा लांब उभी राहिली.

"उशीर केलात," बाई म्हणाल्या.

"हो."

"महाव्यवस्थापक चिडले असतील."

"फोटोत हसलेत ते."

बाईंनी त्यांच्या कोटावरचं फूल सरळ केलं, खरं तर ते सरळच होतं. "वळणावरून मागं बघत होतात."

"वळणावर गाडीवर नजर टाकायचा नियमच आहे," साहेब म्हणाले. "दर वेळी बघायचो. सगळ्या डब्यांना खिडक्या. तुझ्या कोपऱ्यात नुसता पत्रा."

"इतकी वर्षं बोलला नाहीत ते."

"बोलून पत्र्याला खिडकी पडली असती का?"

खात्याचा मजकूर याबाबतीत निरुपयोगी होता.

बाहेर येऊन त्यांनी टॅक्सी केली. साहेब जुन्या सवयीनं पुढं, ड्रायव्हरच्या शेजारी बसले. बाई आणि सूनबाई मागं. टॅक्सी वळली तसं साहेबांनी मान न वळवता विचारलं, "मग? पूल कसा होता?"

"पूल म्हणजे पूल," बाई म्हणाल्या. "खाली खांब असतात. वर रूळ असतात."

टॅक्सीवाल्यानं आरशातून मागं बघितलं. सूनबाईनं खिडकीबाहेर तोंड केलं, तिचे खांदे हलत होते. एक सिग्नल गेला. मग बाईंनी घसा साफ केला.

"पाणी काही निळं नाही हं. आणि मध्ये ते वाळूचं बेट आहे ना, तिथे एक माणूस सायकल धूत होता. भर नदीत सायकल आणली कशी म्हणते मी? आणि सावली, अहो..." 

आवाजात तोच जुना हेलकावा होता, फक्त आता तो कुठे द्यायचा ते कुणी लिहून दिलेलं नव्हतं. सायकल झाली, सावली झाली, कमानी का दिसत नाहीत ते झालं, पुन्हा सायकल आली. गल्लीचं वळण दिसू लागलं. साहेबांनी टॅक्सीवाल्याच्या हातावर हलकेच बोट टेकवलं.

"जरा दमानं घ्या," ते म्हणाले. "यांचा पूल अजून संपलेला नाही."